मायच्या झंपरातल्या टिपा

मी वालूर सोडलं तेव्हा माझ्या तोंडात खराट्याची काडी होती. सुरेखा, तुला आठवत असेलच. ती काडी तूच मोडून आणली होतीस आणि सगळ्यात जास्त फिदीफिदी तूच हसत होतीस. सेलूला जाणारी जीप पारापाशी हॉर्न वाजवत उभी होती. ह्यांनी बॅगा टपावर चढवल्या होत्या. अण्णा ड्रायव्हरला "जरा दम धर की बाबा, पोरगी पुण्याला चालली" म्हणून थोपवत होते. आणि नेमकं तेव्हाच मायला दिसलं की माझं झंपर बगलेत ढिलं पडलंय. झालं!

"अशी जाशील का पुण्याला? लोक म्हणतील, हिच्या मायला सुई धरता येत न्हाई का?"

मला उंबऱ्यातच उभं केलं, हात वर करायला लावला आणि अंगावरच टाके घालायला लागली. अंगावरचा कपडा शिवायचा तर तोंडात काडी धरायची, हे आपल्याकडचं शास्तर. नाही धरली तर काय होतं, हे मायलाही सांगता यायचं नाही, पण धरायची म्हणजे धरायची. जन्मात पहिल्यांदा घर सोडून चालले होते. केवढं बोलायचं होतं. निदान "येते माय" एवढं तरी. पण दातांत काडी, आणि ही बाई म्हणतेय, "हालू नको, टोचंल." शेवटचा दोरा तिनं दातानं तोडला. तेवढ्यापुरतं तिचं डोकं माझ्या कुशीशी आलं, आणि मग जीप सुटलीच. गाव मागं पडल्यावर हे म्हणाले, "आता तरी काढ ती काडी." काडी काढली आणि जे रडू फुटलं ते सेलू स्टेशनपर्यंत.

हे आज तुला लिहायचं कारण, तू फोन उचलत नाहीस. तुझे बालाजीराव उचलतात आणि म्हणतात, "अक्का, ती रानात गेलीया." मागं तुझ्या बांगड्या वाजायलेल्या मला इथं भोसरीत ऐकू येतात. मायच्या तेराव्यापासून तू वालूरला पाऊल टाकलं नाहीस. शिलाई मशीनवर चादर टाकून ठेवलीस, ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांना परत लावलंस, हेही मला कळलंय. अण्णा दर फोनला विचारतात, "सुरी काऊन येईना गं?" मी काहीतरी थाप मारते.

मला ठाऊक आहे तू का येत नाहीस. परभणीच्या दवाखान्यात त्या डॉक्टरणीनं विचारलं होतं, "एवढ्या वाळल्यात ह्या, घरात कुणाला दिसलं नाही का?" ती तिच्या कामाचं बोलली, बिचारीचा काही दोष नाही. पण तिच्यासमोर तू उभी होतीस. मी तेव्हा पुण्याहून निघालेली, रेल्वेत होते. "बोरीच्या सासरापासून वालूर अंतर ते काय, मी जातायेता होते, मला दिसायला पाहिजे होतं," हे तू डोक्यात घेऊन बसलीस. तर ते डोक्यातून काढायला मी हे लिहायलेय. दिसणारच नव्हतं, सुरे. मायनं दिसू दिलं नाही. ते तिनं कसं केलं हे मला कळलंय, आणि तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जरा मागून सुरू करते. मागून सांगितल्याशिवाय मायचं काहीच कळायचं नाही.

पूर्णेच्या मावशीचं गाठोडं आठव. मावशीचे मालक रेल्वेत, राहायला क्वार्टर, आणि पोरगी एकुलती एक, शोभा. अंगानं चांगली भरलेली. तिचे वर्षभरात आखूड झालेले फ्रॉक, परकर, स्वेटर दिवाळीच्या आधी जुन्या लुगड्यात बांधून आपल्याकडे यायचे. गाठ सोडली की डांबरगोळ्यांचा वास ओसरीभर व्हायचा. अजून तो वास आला की मला दिवाळी जवळ आल्यासारखं वाटतं. माय एकेक कपडा उन्हात धरून बघायची, आधी माझ्या अंगाला लावायची, मग तुझ्या. शोभाच्या एका फ्रॉकात आपण दोघी मावलो असतो.

मायचा एकच कायदा होता. कातर लावायची नाही. शेजारच्या काकू सरळ जादा कापड छाटून टाकायच्या आणि त्याची फडकी करायच्या. ते बघून माय म्हणायची, "कापलं की संपलं. पोरगी काय आहे तेवढीच राहणार हाय का?" ती कुशीला आतून टीप मारायची आणि जादा कापड आतल्या आत दाबून ठेवायची. फ्रॉक माझ्यावरून तुझ्यावर आला की त्या टिपेच्या आत दुसरी टीप. आधीची तशीच ठेवायची, उसवायची नाही. तू वाढलीस की आतली एक टीप उसवायची, फ्रॉक बोटभर सुटायचा. दोरा मिळेल त्या रंगाचा. हिरव्या फ्रॉकाला आतून लाल टीप, तिच्याशेजारी पांढरी. "आत कोण बघायलंय?" म्हणायची.

त्यामुळे आपल्या सगळ्या फ्रॉकांना कुशीत एक पट्टा असायचा. बाहेरचं कापड उन्हानं विटलेलं आणि आत दाबलेलं नव्यासारखं, ते उसवून बाहेर आलं की वेगळंच दिसायचं. शाळेत आपल्याला "पट्टेवाल्या" म्हणायचे. मला तर असा संताप यायचा! मी दोघींना धोपटलंसुद्धा होतं. तू मात्र हात कुशीला लावून, पट्टा झाकून चालायचीस.

आणि मावशीच्या नणंदेच्या लग्नात शोभानं भर मांडवात बोट दाखवून म्हटलं, "माय, हिनं माझा फ्रॉक घातलाय!" तुझा चेहरा रडवेला झाला. मी शोभाच्या झिंज्या धरायला निघाले होते. मायनं मला दंडाला धरून मागं ओढलं आणि शोभाला म्हणाली, "व्हय बाई, तुझाच हाय. पर बघ की, आता कसा बसलाय." शोभा खरंच बघत राहिली. तिच्या अंगावर तो कधी तसा बसला नव्हता. त्या दिवशी माय मात्र मान खाली घालूनच जेवली, हे मी बघितलं होतं.

आपल्या घरात तब्येत कपड्यावरून कळायची. वजनकाटा कुणी बघितला होता? लग्नानंतर माहेराला आलो की हातपाय धुवायच्या आधी माय पुढ्यात उभी राहायची. बगलेच्या खाली, बरगडीवर, झंपर दोन बोटांच्या चिमटीत धरायची. चिमटीत कापड आलं की, "वाळलीस गं माय. खायाला देत न्हाईत का?" नाही आलं की, "भरलीस, बरं झालं." त्यावर पुढचे आठ दिवस काय रांधायचं ते ठरायचं. आपणही तेच शिकलो. तिच्यापुढं उभं राहायचं आणि तिच्या झंपराची चिमटी घ्यायची. ती हसायची, "मला काय धाड भरलीया?"

पुण्यात आल्यावर मला सगळ्यात जास्त त्या चिमटीची आठवण यायची. इथं माणसं चांगली आहेत, त्यांना नावं ठेवणार नाही. "कशा आहात?" विचारतात, "मजेत" म्हणायचं, लिफ्ट येते, संपलं. भोसरीच्या त्या पहिल्या खोलीत मी सेकंडहँड मशीन घेतली. कुणाची पॅन्ट आखूड कर, कुणाचा ड्रेस कमरेत फिट कर, असं करता करता "परभणीच्या ताई" म्हणून नाव झालं. आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझा नंबर असतो, "आल्टर घरपोच" असा. मॅडम लोक कपडे आणतात तेव्हा मी आधी विचारते, "मार्जिन ठेवू का?" त्या म्हणतात, "कापून टाका हो, परत कोण घालतंय!" मी मान हलवते आणि गुमान आत दाबून ठेवते. त्यांना कळतसुद्धा नाही.

आणि आमची मानसी! कॉलेजात गेल्यापासून मोबाईलवर लोकांचे जुने कपडे विकत घेते. त्याला थ्रिफ्ट म्हणतात म्हणे. परवा एक भलामोठा शर्ट घेऊन आली, कुणाचा ना कुणाचा, आणि आरशापुढं नाचायला लागली. "आई, व्हिंटेज आहे हा! मला फिट करून दे ना." मैत्रिणींना सांगत होती, सेकंडहँड आहे, सेकंडहँड आहे म्हणून. मी आधी पोटभर हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावला. तुझा तो कुशीवर ठेवलेला हात आठवला गं. आपण जे झाकत फिरलो ते ही पोरगी मिरवतेय. बरंच आहे. तिला कुणी पट्टेवाली म्हणणार नाही.

मायला पुण्याला आणायचं, ही माझी एकच हौस होती. फ्लॅट झाला तेव्हा एकदा आली. गॅलरीत उभं राहून खाली बघितलं, म्हणाली, "आगं माय, हितून पडलं तर मानूस वळखू येयाचा न्हाई." मग दिवसभर माझ्या मशीनवर बसून राहिली आणि गिऱ्हाइकांचे कपडे नीट करत बसली. चार दिवसांत "तुमच्या अण्णांच्या भाकरीचे हाल व्हायलेत" म्हणून परत. त्यानंतर प्रत्येक फोनवर मी म्हणायचे, ये. ती म्हणायची, "येते की, पुणं काय पळून चाललंय का?" कधी म्हैस व्यायची असायची, कधी तुझं बाळंतपण. एकदा मी चिडलेच, तेव्हा म्हणाली, "तुमच्या संसारात माझा खोडा कशाला? म्या हितंच बरी हाय." मी म्हटलं, तुला कधी बरं वाटेनासं झालं तर गाडी करून येईन आणि उचलून आणीन, विचारणारसुद्धा नाही. ती नुसती हसली होती.

ती नाही आली, म्हणून मी तिला साड्या पाठवायला लागले. त्यांच्याबरोबर माझीच झंपरं, एकदोन वर्षं घातलेली, कापड चांगलं असलेली. मी तिच्यापेक्षा केव्हाच दुप्पट झाले होते. ती ती झंपरं तिच्या मापाची करून घालायची. पूर्णेच्या गाठोड्यासारखं आता पुण्याचं गाठोडं. फोन करून सांगायची, "तुझं मोरपंखी झंपर लय झ्याक बसलंय."

गेल्या नागपंचमीला तू वालूरला गेली होतीस. रात्रीच्या जेवणाआधी तू मला व्हिडिओ लावलास. मी विचारलं, माय बरी हाय का गं? तू म्हणालीस, "चिमटी घेतली अक्का, कापड हाताला येईना. झंपर ताठ हाय. बरी हाय." मी पण बघितलं. मोरपंखी झंपर, अंगाला चापूनचोपून बसलेलं. गाल बसले होते, पण दाढा काढल्या होत्या ना तिनं, ती म्हणाली, "दात न्हाईत तर गाल कशावर बसतील?" आपण तिघी हसलो. दिवाळीत मी स्वतः आले. मी पण चिमटी घेतली, सुरे. मलाही काही लागलं नाही. पदर ती आधीपासूनच दोन्ही खांद्यांवरून घ्यायची, त्यात नवीन काही नव्हतं.

आणि हे काही आपल्या दोघींचंच नाही. आमच्या गल्लीत मानवतची एक आहे, पूर्णेकडच्या दोघी आहेत. सगळ्यांची माय तिकडं. दुपारी कपडे टाकायला येतात, माझ्याच घरी बसून व्हिडिओ लावतात आणि "बरी दिसतीस की" म्हणून ठेवून देतात. मोबाईलात माणूस छातीपर्यंतच दिसतं.

मग ती नळावर चक्कर येऊन पडली, अण्णांनी बालाजीरावांना फोन केला आणि तुम्ही तिला परभणीला नेलंत. पोटात गाठ होती, ती केव्हाची पसरलेली. पुढचं तुला मी काय सांगू, तूच तिथं होतीस. पण एक गोष्ट मी पोचल्यावरची आहे आणि ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दवाखान्यातला तो हिरवा गाऊन. त्यात माय कुठं होती ते शोधावं लागत होतं. आपण दोघी दोन बाजूंना उभ्या, तिनं डोळे उघडले, आणि त्या अवस्थेत दोन्ही हातांनी गाऊन कुशीपाशी गोळा करायला लागली. म्हणाली, "सुरे, सुईदोरा हाय का गं?" तू पिशवी उचललीस आणि वॉर्डाबाहेर निघून गेलीस. मी म्हटलं, माय, राहू दे आता. ती म्हणाली, "लय ढिलं हाय गं. लोक काय म्हणतील?" थोड्याच दिवसांत गेली.

तेराव्याला मावशीनं तिच्या साड्या वाटल्या. तू म्हणालीस, "मला तिची चिंधी पण नको," आणि पोराला कडेवर घेऊन बालाजीरावांच्या गाडीवर बसलीस. मागं वळून बघितलं नाहीस. बायका नावं ठेवायला लागल्या. मी एकीला असं झापलं की ती ताटावरून उठायलाच निघाली. झंपरं कुणी घेईना, माप कुणाला होणार? ती मी माझ्या बॅगेत भरली आणि पुण्याला आणली.

इतके दिवस ती कपाटात होती. गेल्या आठवड्यात दुपारी मानसी म्हणाली, "आई, आजीचं एखादं ब्लाउज दे ना, मी साडी डेला घालते." मी मोरपंखी काढलं. तिला फिट करायचं म्हणून सवयीनं उलटं केलं, आणि मशीनपाशीच बसले.

आत टिपाच टिपा होत्या. दोन्ही कुशींना. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. पांढऱ्या दोऱ्याची, मग तपकिरी, मग लाल. पहिली टीप बरोबर होती, तिच्या नेहमीच्या मापाची, माझं झंपर तिला व्हावं म्हणून घातलेली. ती मला ओळखू आली. पण बाकीच्या कशाला? बाहीला तसंच, मुंढ्याला तसंच, पाठीला चिमटे. दाबलेलं कापड एवढं झालं होतं की त्याचा फुगवटा बाहेर दिसायला हवा. तो दिसू नये म्हणून घडी अशी चपटी बसवलेली की काय सांगू. तांब्यात चुलीतले इंगळ घालून माय इस्त्री करायची ना, ती तशी फिरवलेली, एका ठिकाणी कापड जरा करपलं पण होतं. आपण चिमटी कुठं घेतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. नेमकं तिथं तिनं सगळ्यात जास्त हात चालवला होता. शेवटची टीप तर मशीनची नव्हती, हातानं घातलेली होती, वाकडीतिकडी. तिचा हात इतका वाकडा कधी नव्हता गं. बाकीची झंपरं काढली. सगळ्यांना तेच.

मी अण्णांना फोन लावला. म्हटलं, माय अलीकडं मशीनवर कधी बसायची?

"तुमी येनार म्हनलं की बसायची," अण्णा म्हणाले. "सुरीचा फोन आला की काढायची मशीन. तुजा आला तरी काढायची. तिला डोळ्यानं दिसत नव्हतं, म्या सुई ववून द्यायचो. म्या म्हनलं, पोरीचं कायतरी शिवायली आसंल." मी त्यांना झंपरांतल्या टिपांचं सांगितलं.  मग म्हणाले, "म्याच ववून दिली गं सुई."

ऐकलंस का? एका घरात, एका चुलीपाशी राहणाऱ्या माणसाला कळलं नाही. त्याच्याच हातून सुई ओवून घेतली तिनं. तू काय स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसली आहेस! तू जितक्यांदा बोरीहून गेलीस तितक्यांदा तिनं तुझ्या आधी बसून तयारी केली होती. तुझी नजर कमी पडली नाही, सुरे. मायचा हात चांगला होता. गावात तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता, आणि तो तिनं शेवटी आपल्या दोघींवरच चालवला.

मला तिचा राग आलाय. तुला खरं सांगते, दुःख मागून आलं, आधी रागच आला. भिंतीवरच्या फोटोशी मी भांडले. म्हटलं, अगं बये, टिपा घालायच्या तेवढ्या घातल्यास, एकदा तोंडानं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मानसी घाबरून बाहेर आली. पण ती का बोलली नाही हेही मला कळतं, आणि त्यानं राग आणखी वाढतो. बोलली असती तर मी गाडी करून आले असते आणि विचारायच्या आधी तिला उचललं असतं. मीच तसं सांगून ठेवलं होतं ना. तिला वालूर सोडायचं नव्हतं. तुझं बाळ लहान, मानसीची बारावी, आणि ती मध्ये खोडा होणार नव्हती. तिनं ठरवलं आणि केलं. आपल्याला विचारलं नाही. त्याचं खापर तू तुझ्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस, आणि मीही घेणार नाही. अण्णांना तर मुळीच घेऊ द्यायचं नाही.

सगळी झंपरं मी उसवली नाहीत. एक तसंच ठेवलंय, अबोली रंगाचं. मी सांगितलेलं तुला खरं वाटणार नाही, तू मूळचीच हट्टी. म्हणून ते घेऊन येते. उलटं करून तूच बघ.

आता माझं सांगते, मग थांबते. माय गेल्यापासून मला जेवण जात नाही. इथं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. ह्यांची शिफ्ट असते. मानसी म्हणते, "आई, किती स्लिम झालीस, मस्त!" शेजारच्या मॅडमनी तर डाएट कुठलं करता म्हणून विचारलं. माझी झंपरं अंगावर लोंबायला लागलीत. पंचमी जवळ आली, अण्णांना भेटायला जायचं ठरवलं, आणि काल मी काय केलं माहितेय? झंपर काढलं, मशीनखाली धरलं, कुशीला टीप मारायला पायडलवर पाय ठेवला. अण्णांना मी वाळलेली दिसू नये म्हणून. चाक अर्धं फिरलं. पाय काढून घेतला आणि मशीनपाशीच रडत बसले.

इतकी वर्षं पुण्यात काढली, गावाकडं जाते म्हणायचे तेव्हा घर म्हणजे वालूर, एवढं सरळ होतं. आता तिथं अण्णा आहेत आणि म्हैस आहे, पण दारात कुणी चिमटी घ्यायला उभं नाही. इथं फ्लॅट माझ्या नावावर आहे आणि मी वाळले हे इथं कुणाला दिसत नाही. म्हणून मी यंदा पंचमीला आधी बोरीला यायलेय. धाकटीच्या घरी माहेराला जातात का, असं लोक म्हणतील, म्हणू देत. आहे तसं येते, ढिल्या झंपरात. एकही टीप घातलेली नाही. दार उघड, मला नीट बघ आणि दिसेल ते तोंडावर बोल. शिव्या दिल्यास तरी चालतील. तूही माझ्यापुढं तशीच उभी राहा, बालाजीराव म्हणत होते तूसुद्धा नीट जेवत नाहीस.

मग आपण दोघी मिळून वालूरला जाऊ. व्हिडिओवर अण्णा बरे दिसतात. माय पण बरीच दिसायची. ते म्हणतील, मला काय धाड भरलीया, जा चहा ठेवा. म्हणू देत. आपण त्यांचा सदरा काढायला लावू, उन्हात उभं करू आणि दोघी मिळून बघू.